वई चालते

"विसार दिला गो!"

काकूंनी ही बातमी मला संध्याकाळी साडेपाचला दिली. मला ती दुपारी एक वाजताच कळली होती, कोळीणबाई पाटी उतरवता उतरवता बोलून गेली होती. पण वईवरच्या गप्पांची एक रीत असते. समोरच्याने बातमी आणली की ती आपल्याला ठाऊक आहे असं दाखवायचं नाही. सांगणाऱ्याचा हिरमोड होतो आणि पुढच्या वेळी तो आधी दुसऱ्याच्या वईवर जातो. मी हातातली झावळी खाली टाकली आणि म्हटलं, "काय सांगता काकू! कोणी?"

"पुण्याची माणसं. नवराबायको. केवढ्याला ते मात्र विचारू नको."

मी विचारलं नाही. काकूंनी इकडेतिकडे बघून पदराआडून बोटं दाखवली. मग विचार करून आणखी एक बोट अर्धं दुमडून दाखवलं.

"सगळ्याचे?"

"गुंठ्याचे," काकू म्हणाल्या आणि मी घेतलेला श्वास बराच वेळ तसाच राहिला.

आमचं घर श्रीवर्धनात, समुद्राकडे पाठ करून बसलेलं. इथली जुनी घरं अशीच. पुढे आळीचा रस्ता, मग अंगण, ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि विहीर, त्यामागे माडा-पोफळींची वाडी, ती संपते तिथून पुळण. समुद्राला इथल्या माणसाने कधी दिवाणखान्यात बसवला नाही. तो परसदारचा. आमच्या आणि काकूंच्या वाड्यांच्या टोकाला तिसऱ्या एका घराण्याचा तुकडा लागून आहे. तिन्ही हद्दी मिळतात त्या कोपऱ्यात एक रायआवळा आहे आणि त्याच्या सावलीत गेली बत्तीस वर्षं आमची बैठक भरते. मी वईच्या अलीकडे, काकू पलीकडे. मधली वई म्हणजे चिव्याच्या काठ्या, अडुळसा, थोडा शेर आणि वर रचलेल्या झावळ्या. माणूस जाणार नाही, पण वाटी आणि बातमी जाईल एवढी दाट.

तो तुकडा साडेचार गुंठ्यांचा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्या हिशेबाने पाच हजाराला थोडा कमी. सातबाऱ्यावर शून्य हेक्टर, चार आर, पंचावन्न चौरस मीटर. पूर्वी तिथे पोफळी होत्या, श्रीवर्धनी रोठ्याच्या. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या दोनतीन तासांत सगळं आडवं झालं. आमचीही अर्ध्याहून जास्त झाडं गेली. आम्ही पुन्हा रोपं लावली, पोफळ धरायला सहासात वर्षं जातात हे माहीत असून लावली. त्या तुकड्यात कोणी लावली नाहीत. लावणारे मुंबईला. तिथे घाणेरी आणि रुई माजली.

तेव्हापासून त्याला सगळे "रिकामी जागा" म्हणू लागले. मला हा शब्द पटलेला नाही. रिकामी म्हणजे काय? सकाळी तिथे आळीतल्या निम्म्या घरांचं वाळवण पडायचं, काकूंची आमसुलं तर हक्काने. दुपारी पोरांचं क्रिकेट. संध्याकाळी समुद्रावर जाणारी वाट त्यातूनच. विहिरीवर दोन घरांचे पंप. पावसाळ्यात आळीचं निम्मं पाणी तिथूनच पुळणीकडे वाहून जायचं. एवढी वर्दळ आमच्या ओटीवरही नाही.

"इतकी वर्षं पडून होती, आताच कशी विकली?" मी विचारलं.

"पुलांची कृपा," काकू म्हणाल्या. "रेवस-रेड्डीचा सागरी रस्ता होणार, खाड्यांवर पूल होणार, मुंबई हाकेवर येणार. पूल होईल तेव्हा होईल, भाव मात्र आधीच पलीकडे जाऊन बसलाय."

काकूंचे थोरले दीर तलाठी होते. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. काकू म्हणतात, नाव बदललं, पण सातबारा अजून वाचताच यावा लागतो. दिरांच्या संगतीने त्यांना तो आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला वाचता येतो. इतर हक्कांचा रकाना तर त्या पत्रिकेतल्या मंगळासारखा बघतात.

"सातबाऱ्यावर सतरा नावं," त्या म्हणाल्या. "त्यातली पाच स्वर्गात. त्यांच्या सह्या घ्यायला कोण जाणार?"

मग पहिले दोन महिने वारसनोंदींत गेले. एकेका मयताचे वारस लावायचे, फेरफार टाकायचा, नमुना नऊच्या नोटिसा काढायच्या, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची. एक पणती नागपूरला निघाली. तिला आपली श्रीवर्धनला जमीन आहे हे या नोटिशीवरून कळलं आणि ती जी हरखली, ती सहकुटुंब जागा बघायला आली. आमच्याकडे जेवली. वाटणीत तिला जे मिळणार होतं त्यातलं बरंचसं गाडीभाड्यातच गेलं असावं. एक नातू मस्कतला. त्याने तिथल्या आपल्या वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं. परदेशात केलेला असला कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. यांनी तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिला. काकूंनी सहज म्हणून विचारलं तेव्हा अकरा दिवस उरले होते. काकूंचं सहज विचारणं म्हणजे काय ते आळीला माहीत आहे.

पण खरी अडली ती आत्याबाईंपाशी. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम गिरगाव. भावांनी पूर्वीही एकदा हक्कसोडपत्रावर सही मागितली होती, ती त्यांनी दिली नव्हती. तेव्हापासून त्यांना आळीत कजाग म्हणत. "१९५६च्या कायद्याने मुलींना वाटा दिला," काकू म्हणाल्या, "२००५ साली तो मुलग्याच्या बरोबरीचा केला. तरी सही घ्यायला जाताना हे पेढे घेऊन जातात, वाटा घेऊन नाही." या वेळी वाटा घेऊनच गेले होते, तरी आत्याबाई म्हणाल्या, मला जागा दाखवा, मग बघू.

आल्या. टॅक्सीतून उतरून त्या थेट विहिरीवर गेल्या. दोर नायलॉनचा आहे म्हणून आधी भाच्याला बोलल्या. मग पाणी काढायला लावून ओंजळीने प्यायल्या. "गोडं आहे अजून," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं आता रडतील, मी पदर सावरून तयार होते. त्यांनी मात्र मला विचारलं, "न्हाणीचं पाणी कुठे सोडता तुम्ही?" मी हात दाखवला. "पूर्वीही तिथेच सोडायचात," म्हणाल्या आणि सही करायला निघाल्या. नोंदणीच्या वेळी यंत्र त्यांचा अंगठा काही घेईना. सत्तर वर्षं भांडी घासलेल्या हाताच्या रेषा यंत्राला कशा दिसाव्यात? चार बोटं करून पाहिली, पाचव्याला लागला.

काकूंच्या मते या घराण्याची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे सनद. १९८०च्या सुमाराला त्यांच्या वडिलांनी हा तुकडा बिनशेती करून घेतला होता आणि त्याची सनद काचेच्या चौकटीत लावून ठेवली होती, सत्यनारायणाच्या शेजारी. जो येईल त्याला दाखवायचे. पुण्याच्या वकिलाने ती चौकट भिंतीवरून उतरवून मागचा मजकूर वाचला. वर्षाच्या आत बांधकाम सुरू केलं नाही तर परवानगी रद्द, अशी अट होती. चाळीस वर्षं एक रद्द झालेला कागद तिथे उदबत्ती खात होता.

"मग आता?"

"आता सोपं केलंय. आराखड्यात रहिवासी झोन असला की वेगळी परवानगी नको, कर भरला की झालं. हेच पलीकडच्या ग्रामपंचायतीत शेतातलं साडेचार गुंठे मागायला गेले असते तर १९४७चा तुकडेबंदीचा कायदा आडवा आला असता. शिवाय शेतकरी असल्याचा दाखला आण म्हणाले असते. इथे पालिकेची हद्द आहे म्हणून चाललं."

तो वकील मात्र बरा होता. त्याने तीस वर्षांचा शोध घेतला, पेपरात जाहीर नोटीस दिली. मध्यस्थाने पुण्याच्या मंडळींना "समुद्रदर्शनी प्लॉट" असं सांगितलं होतं. हा प्लॉट शब्दही आमच्याकडे नवाच. वाडी म्हटली की झाडं मोजतात, प्लॉट म्हटला की फूट. आणि दर्शनाचं म्हणाल तर तिथून समुद्र ऐकू येतो. बघायचा तर वाडी ओलांडून सुरूच्या बनाच्या पुढे जावं लागतं. नवऱ्याने समुद्र किती लांब ते बघायला ड्रोन उडवला. तो काकूंच्या आमसुलांवर आला तेव्हा त्यांनी सूप उलटं धरून आमसुलं झाकली. "वरून फोटो काढतो म्हणे. काढ बाबा. सोलं मोजून घे." थोड्या वेळाने कावळे त्या ड्रोनच्या मागे लागले आणि तो आमच्या माडाला अडकला. आमच्या पाडेल्याने वर चढून काढला आणि एका शहाळ्याचे पैसे जास्त घेतले.

बाई मात्र शहाणी निघाली. ती एकटीच एकदा वईपाशी आली आणि म्हणाली, "काकू, इथे घर बांधता येईल ना?" हा प्रश्न तिने मध्यस्थाला नाही, वकिलाला नाही, वईवर विचारला, तिथेच ती आमच्या मनात उतरली.

काकूंनी झावळीच्या हिराने वाळूत रेघ ओढली. ही भरतीची रेषा. सगळ्यात मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर चढतं ती. तिच्यापासून ५०० मीटरपर्यंत किनाऱ्याचा कायदा. १९९१ला आला, २०११ला बदलला, २०१९ला पुन्हा बदलला. "तुझा प्लॉट त्यात, हिचं घर त्यात, माझा उंबराही त्यातच. म्हणून काही आम्ही समुद्रात राहत नाही. नगरातला वस्तीचा भाग असला तर जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत घराच्या जमिनीकडच्या अंगाला बांधता येतं. त्याच्या पुढे समुद्राकडे नाही. खेड्यात भरतीरेषेपासून २०० मीटर सोडावे लागतात, फार दाट वस्ती असली तर आता ५०. तू नकाशावर तुझा गट कुठे पडतो ते पालिकेकडून लेखी घे. तोंडी कोणाचं ऐकू नको. माझंसुद्धा."

मग ती म्हणाली, पाण्यासाठी बोअर मारू.

काकूंनी कपाळावर हात मारला. मीही मारला. इथे गोडं पाणी वरच्या थरात असतं, पावसाचं, वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलेलं. दहाबारा हात खोल विहीर असली, बेताने उपसली तर मे महिन्यातही चहा गोड होतो. बोअर मारून खाली गेलात की खारं. आणि एकाने खारं वर ओढलं की शेजारच्या तीन विहिरी बिघडतात. आळीच्या त्या टोकाला एकाने हे करून झालंय. त्याच्या बागेतला गुलाब मेला, शेजाऱ्याचा माड खंगला आणि दोन्ही घरांत सत्यनारायणाला बोलावणं बंद आहे.

त्या बाईने वही काढली. मग काकूंना चढलं. बांधकामाला पुळणीची वाळू वापरू देऊ नको, मिठाने सळया आतून फुगतात आणि पाच वर्षांत स्लॅबचे पापुद्रे पडतात. भिंतीला जांभ्याचा चिरा घे, तो खारं वारं पचवतो. पश्चिमेला मोठी काच नको, पावसात ती काच नव्हे, पाटच होतो. पत्रा घातलास तर हुकांचे बोल्ट दरवर्षी बघ, निसर्गात आमच्याकडे उडालेले पत्रे दुसऱ्याच्या वाडीत सापडले, आणि आमच्या वाडीत सापडले ते कोणाचे ते अजून कळलं नाही. ("ते आमच्या गोठ्यावर आहेत," हे मी मनात म्हटलं.)

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," काकू म्हणाल्या, "खरेदीखत करण्याआधी एकदा आषाढात ये. मार्गशीर्षात काय, सगळ्याच जागा देखण्या. आषाढात चार दिवस झड लागली की पाणी कुठे थांबतं, कुठून येतं, कुठे जातं ते बघ. जमीन त्या चार दिवसांत खरं बोलते."

मध्यस्थाने तिला पावसाळ्यात रस्ता खराब असतो, येऊ नका, असं सांगितलं होतं. ती आली. नवरा नव्हता, छत्री उलटी झालेली, साडेचार गुंठ्यांतल्या दीड गुंठ्यात घोट्याएवढं पाणी. आमच्या आळीचं पाणी तिच्या जागेतून वाहत होतं आणि त्यातच आमच्या न्हाणीचंही. मला वाटलं, आता विसार बुडवून जाणार. ती वईपाशी येऊन म्हणाली, "जोतं तीन फूट वर घेतलं तर?"

"चार घे," काकू म्हणाल्या. "आणि पाण्याची वाट बुजवू नको. तू बुजवलीस तर ते तुझ्याकडे वस्तीला येईल."

भाव म्हणे त्या दीड गुंठ्यापायी थोडा उतरला. काकूंनी अर्धं दुमडलेलं बोट मागे घेऊन दाखवलं.

दिवाळी झाली आणि मोजणीची तारीख आली.

आता हा भाग सांगताना मला जरा जड जातं, पण काकू सांगतील त्यापेक्षा मीच सांगितलेला बरा. मोजणीदार यंत्र घेऊन आले. पूर्वी साखळ्या ओढत, आता तिकाटण्यावर डबा ठेवतात आणि तो आकाशाला विचारतो. सगळी आळी जमली होती. आमचे हे धोतर सोडून विजार घालून आले होते, कारण सरकारी काम. मोजणीदार खुणा करत करत दक्षिणेकडून आमच्या वईपर्यंत आले, वईच्या अलीकडे आले, आणि आमच्या वाडीत शिरून त्यांनी चुन्याची फक्की टाकली. तिसऱ्या पोफळीच्या मुळापाशी.

वई हद्दीपासून एक मीटर दहा सेंटिमीटर पलीकडे होती. त्यांच्यात. तीन पोफळी, ज्यांची सुपारी मी तीस वर्षं सोलते आहे, त्यांच्या निघाल्या. निसर्गात आमच्या इतक्या पोफळी पडल्या त्यात याच तीन उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा आम्ही म्हटलं होतं, देवाने ठेवल्या.

"आम्ही कोणाची जमीन ढापली नाही हो!" हे म्हणाले.

"तुम्ही नाही," काकू पलीकडून म्हणाल्या. "वई चालते."

आणि खरंच ती चालते. मी बत्तीस वर्षं तिच्याशेजारी उभी राहून गप्पा मारल्या, मला दिसलं नव्हतं. पावसाने काठ्या कुजतात. दिवाळीनंतर नवी वई घालायची तर जुन्या काठ्या उपटायच्या आधी नव्या रोवाव्या लागतात, नाहीतर रात्रीत गुरं शिरतात. मग नवी काठी जुनीच्या अलीकडे रोवायची की पलीकडे? कोणीही आपल्या हातात विळा असताना ती आपल्या अळवावर रोवत नाही. बोटभर पलीकडे. पुढच्या वर्षी आणखी बोटभर. पलीकडे मालक उभा असला तर तोही त्याच्या बाजूने तेच करतो आणि वई जागच्या जागी राहते. पलीकडे कोणी नसलं की ती निघते. त्यांचे लोक मुंबईला गेल्यापासून आमची वई समुद्राकडे चालत होती. मोजायचंच तर वर्षाला साडेतीन सेंटिमीटर.

हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. तेव्हा मी चहा केला.

काकूंचा आनंद मात्र तासभरच टिकला. मोजणीदार त्यांच्या अंगाला गेले आणि काकूंच्या न्हाणीची मागची भिंत, चिऱ्याची, पक्की, सव्वा हाताने हद्दीबाहेर निघाली. वई चालते हे ठीक, पण न्हाणी? काकूंनी क प्रतीचा नकाशा चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "यंत्र नवं आहे." मग दोन दिवस त्या वईवर आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आल्या त्या तयारी करून. "वाटेचं काय?" म्हणाल्या. समुद्रावर जायची वाट त्या तुकड्यातून जाते ती सातबाऱ्यावर नाही, नकाशावर नाही, कुठेच नाही. पण आमच्या सासूबाई त्या वाटेने गेल्या, त्यांच्या सासूबाई गेल्या, नारळीपौर्णिमेला अख्खी आळी जाते. "१८८२चा वहिवाटीचा कायदा आहे," काकू म्हणाल्या. "वीस वर्षं उघडपणे, हक्काने, न अडवता वापरली तर वाट मागता येते. आणि विहिरीत माझा दोन आणे हिस्सा आहे, तो लिहिलेलाच आहे, इतर हक्कात, दिरांच्याच अक्षरात."

म्हणजे बघा. न्हाणीची भिंत त्यांच्यात, आणि त्यांच्या विहिरीत काकूंचा हिस्सा. माझ्या पोफळी त्यांच्या, आणि आळीचं पाणी त्यांच्या जोत्याखालून. कोर्टात गेलं तर दोन पिढ्या जातील. श्रीवर्धनात ही परंपरा जुनी आहे. बाळाजी विश्वनाथ भट इथले, त्यांचं स्मारक गावात आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं म्हणून त्यांना गाव सोडावं लागलं आणि १७१३ साली ते पेशवे झाले. इथे राहून भांडत बसले असते तर अजून फेरफारच चालला असता.

पुण्याची बाई आली. नवराही आला. त्याच्याकडे वास्तुविशारदाचं चित्र होतं, चारी बाजूंनी चिऱ्याची भिंत, आठ फूट. काकूंनी चित्र बघितलं. मी बघितलं. त्यात वाट नव्हती, रायआवळा नव्हता, आणि होतं एक पोहण्याचं तळं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्यावर काकू काही बोलल्या नाहीत, आणि काकू बोलत नाहीत तेव्हा नवऱ्यांना घाम फुटतो.

दोन तास बोलणी चालली. हे कमी बोलले, मी मधे मधे बोलले, काकू पूर्ण वेळ. ठरलं ते असं. न्हाणीची भिंत राहील, पण पुन्हा बांधायची वेळ आली तर हद्दीत यायचं. पाण्याची वाट मोकळी ठेवायची, आमच्या न्हाणीचं पाणी मात्र आम्ही आमच्या अळवाकडे वळवायचं. विहिरीचे दोन आणे तसेच. भिंत पाच फूट. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात भिंतीला चार फुटांची खिंड ठेवायची, समुद्रावर जाणाऱ्यांसाठी. हे सगळं खरेदीखतात लिहा, असं काकूंनी सांगितलं. वकिलाने लिहिलंही. तळ्याचं काय झालं ते विचारायचं राहिलं, पण सुधारलेल्या चित्रात तिथे तुळस आहे.

माझ्या तीन पोफळींचा विषय मीच काढला. म्हटलं, तुमच्याच आहेत, या वर्षीच्या सुपारीचे पैसे काय ते सांगा.

"आम्हाला सुपारी कशी सोलतात तेही माहीत नाही," ती बाई म्हणाली. "तुम्हीच घ्या की."

"घेईन," मी म्हटलं, "पण निम्मी तुम्हाला सोलून देईन." आमच्या ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी वाडीच दिली.

मार्गशीर्षात खरेदीखत झालं. मुद्रांक शुल्क भरलं, नोंदणी फी भरली, ती टक्क्याने असते पण तीस हजारांवर जात नाही, हे काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं. सूची दोनची प्रत काकूंनी मागून घेऊन वाचली. आत्याबाई सहीला पुन्हा आल्या होत्या. जाताना एका बाटलीत विहिरीचं पाणी भरून घेऊन गेल्या, गिरगावला काय करणार त्याचं देव जाणे.

पौषात भिंत उभी राहिली. चिरा देवगिरीसारखा रचलाय असं हे म्हणतात, मला तो नुसता लाल दिसतो. पोरांनी क्रिकेट काकूंच्या अंगणात हलवलं आहे. आमसुलं कुठे वाळवायची हा प्रश्न अजून सुटला नाही. तिन्ही हद्दींचा कोपरा आता दोन वाड्या आणि एक भिंत असा झाला, पण रायआवळा राहिला आणि त्याच्या सावलीत आमची बैठकही.

माझ्या आणि काकूंच्या मधली वई तेवढी जुनीच. ती घालायची राहून गेली होती, मोजणीच्या धामधुमीत. परवा गडी आला. काकू स्वतः पलीकडे उभ्या राहून त्याला सांगत होत्या, "सरळ घाल हो. आता मोजणी झाली आहे. रेघेवर." गडी रेघेवर काठ्या रोवत गेला. मी अळवाची पानं काढत होते. रायआवळ्यापाशी शेवटच्या चार काठ्या राहिल्या तशी काकूंनी त्याच्या हातातून कोयता घेतला, "तू दमलास, पाणी पी," म्हणाल्या आणि त्या चार काठ्या आपल्या हाताने रोवल्या.

बोटभर अलीकडे. माझ्यात.

मी बघितलं. काकूंनी मी बघितलेलं बघितलं.

"त्या पुणेवालीने कुत्रा आणलाय म्हणे," काकू म्हणाल्या.

"काय सांगता!" मी म्हटलं. मला सकाळीच कळलं होतं.